दंडावरचा हिरवा दिवा

"हिरवा हाय की. ऊठ."

पप्पांनी पांघरूण सरकवून माझा दंड बघितला. तोंडाकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर दिसलं असतं, की माझ्या पापण्या उघडत नाहीयेत आणि खिडकीतल्या उजेडानं डोळ्यांतून पाणी वाहतंय. पण दंडावरच्या पट्टीतला बारीक दिवा हिरवा होता, आणि आमच्या घरात पट्टीपुढं कोणाचं काही चालत नव्हतं.

"पप्पा, आज नाही जमणार मला."

"मशीन म्हणायलंय जमतंय."

"मग मशीनला युनिफॉर्म घाला आणि पाठवा शाळेत."

दार आपटलं. बाहेरून आवाज आला, "बघ, कशी उलट बोलायलीय! उलट बोलायला बरी ताकद येती!"

हे मला पाठ झालंय. बोलतेस ना, मग चाल. हसलीस ना, मग बरी आहेस. परवा मैत्रिणीशी फोनवर गप्पा मारल्यास, मग आज गणिताला काय धाड भरली? आजारी माणसानं चोवीस तास आजारी दिसलं पाहिजे, असा मोठ्या माणसांचा नियम आहे. जरा कुठं तोंडावर हसू आलं की त्यांना वाटतं, चोर सापडला.

मी राजनंदिनी मगदूम, दहावी ब. आमचं घर जयसिंगपुरात, सातव्या गल्लीत. घरात पप्पा, मम्मी, मी आणि माझा भाऊ अर्हम, चौथीतला. मी पाचवीत आणि तो बालवाडीत असताना कोविडची ती नंतरची छोटी लाट आली. लाट कसली, शाळेला आठवडाभर सुट्टी मिळाली एवढंच लोकांना आठवतं. आम्हा दोघांना थोडा ताप आला, घसा दुखला, बरे झालो. मोठ्यांच्या हिशोबानं गोष्ट तिथं संपली. आमची तिथून सुरू झाली.

आधी जिना चढला की छातीत धडधडायला लागलं. मग फळ्यावरची अक्षरं वाचली तरी अर्थ लागेना. आंघोळ केली की परत झोपावं लागायचं. सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल, सगळं नॉर्मल. नॉर्मल हा शब्द मी इतका ऐकलाय की तो शिवीसारखा वाटतो. एक डॉक्टर म्हणाले अभ्यासाचं टेन्शन. इचलकरंजीची काकू म्हणाली मोबाइल काढून घ्या, चार दिवसांत सुतासारखी सरळ येते की नाही बघा. काकूनं मीठ-मोहऱ्यांनी आमची दृष्टही काढली. निदान त्या वेळी आम्हाला बसू तरी दिलं.

मला आधीचं आठवत होतं, म्हणून काहीतरी बिघडलंय हे मी सांगू तरी शकत होते. अर्हमला तेही नव्हतं. चार वर्षांचा असताना आजारी पडलेल्या मुलाला बरं असणं म्हणजे काय, हे माहीतच नसतं. एकदा त्यानं मला विचारलं, "अक्का, मोठं झालं की पाय जळायचे थांबतात का गं?" त्याला वाटत होतं, सगळ्यांचेच पाय जळतात. सगळी मुलं पाय जळत असतानाच पळतात आणि आपण एकटेच भित्रे आहोत. त्या दिवशी मी उशीत तोंड खुपसून रडले होते, आणि कोणाचा गळा धरावा तेच कळत नव्हतं.

मग पालवी आली.

पालवी म्हणजे दंडावर चिकटवायची पट्टी. पुण्याच्या डॉ. मंजिरी साठ्ये यांनी ती शोधून काढली. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात, हे नववीच्या पुस्तकात आहे. अन्न आणि प्राणवायू घेऊन त्या शरीराला लागणारी ऊर्जा तयार करतात. लाँग कोविडच्या, म्हणजे कोविड जाऊनही आजार मागं राहिलेल्या मुलांमध्ये हेच काम नीट होत नाही. तंतुकणिका थकलेल्या असतात, बारीक रक्तवाहिन्यांतून प्राणवायू पुरेसा पोचत नाही. मग स्नायू आडमार्गानं ऊर्जा मिळवतात आणि त्यात लॅक्टिक आम्ल साठत जातं. पालवीच्या खालच्या बाजूला केसापेक्षा बारीक सुया असतात. त्या टोचलेल्या कळतही नाहीत. कातडीखालच्या पाण्यातलं हे आम्ल त्या सतत मोजतात, नाडी मोजतात, आणि आकडे थेट पुण्याला जातात. आम्ल कमी असेल तर दिवा हिरवा, वाढायला लागलं की पिवळा, फार झालं की लाल.

पहिल्या दिवशी पट्टी लावून मी जिना चढले आणि दिवा लाल झाला. मम्मीनं तो लाल दिवा बघितला आणि मला पोटाशी धरून हमसून हमसून रडली. "खरंच दुखत होतं होय गं तुला," म्हणाली. मीही रडले. आनंदानं रडले, हे सांगायला आता लाज वाटते. माझ्या शब्दापेक्षा दिवा मोठा झाला होता, आणि मी त्याच्याच गळ्यात पडून रडत होते.

पप्पांना तर पालवी देवासारखी वाटली. त्यांचं स्टेशन रोडला पीयूसी सेंटर आहे. निम्म्या गाड्या विजेवर गेल्या, पण उरलेल्यांचा धूर तपासावाच लागतो. इंजिन चालू ठेवायचं, सायलेन्सरात नळी घालायची, धुरात काय आहे ते मशीन सांगतं. पप्पांचा सगळा जन्म मशीनवर विश्वास ठेवण्यात गेलाय. कधी कधी एखादा गाडीवाला येतो आणि हळूच म्हणतो, मालक, गाडी बंदच ठेवा आणि लावा नळी. बंद गाडीच्या नळीतून स्वच्छ हवाच येणार, मशीन पास म्हणणार. पप्पा अशा माणसाला हाकलून देतात, आणि रात्री जेवताना आम्हाला ते अभिमानानं सांगतात.

आमच्या आजारात एक खोड आहे. जास्त श्रम झाले की त्याच दिवशी काही होत नाही. होतं ते परवा. आज नाचलात तर आज नाचता येतं, उद्याही जरा बरं असतं, आणि परवा कोणीतरी आतून सगळ्या तारा तोडल्यासारखं होतं. हात उचलत नाही, आवाज सहन होत नाही, घास चावताना दम लागतो. आणि प्रत्येक वेळी असं पडलं, की उठताना काहीतरी तिथंच राहून जातं. अर्हम सहलीला गेला होता, त्यानंतर पडला. उठला तेव्हा त्याचं वाचन गेलं होतं. म्हणजे अक्षरं येतात, पण पानभर वाचलं की डोकं गच्च होतं. गोष्टींची पुस्तकं रात्रंदिवस वाचणारं पोर ते. आता मी वाचून दाखवते, आणि तो डोळे मिटून ऐकतो.

हे 'परवा' पालवीला कळत नाही. माणूस गपगार पडला की स्नायू काही करतच नाहीत, मग आम्ल कुठून येणार? दिवा हिरवा. मी कितीदा सांगितलं. पप्पा म्हणायचे, "पुण्याच्या मॅडमपेक्षा तुला जास्त कळतंय होय?"

शाळेनं तर नियमच करून टाकला. पालवी हिरवी असेल तर पूर्ण दिवस, पीटीसकट. आमच्या शाळेत पट्टीवाली बरीच मुलं आहेत. सकाळी गेटवर शिपाईमामा आमच्या बाह्या वर करून दिवे बघायचे आणि मगच आत सोडायचे. कसं वाटतंय, हे विचारायची पद्धतच बंद पडली. दिवा होता ना!

या वर्षी शाळेला पन्नास वर्षं झाली. सुवर्णमहोत्सवाला प्रमुख पाहुण्या म्हणून डॉ. साठ्ये येणार होत्या. आमच्या हेडसरांच्या डोक्यातून मग एक कल्पना निघाली. पट्टीवाल्या मुलांचं लेझीम पथक! 'पालवी पथक'. मॅडमच्या यंत्रामुळं मुलं कशी नाचायला लागली, ते मॅडमना दाखवायचं. थकव्यावर संशोधन करणाऱ्या बाईच्या स्वागताला थकलेली मुलं उन्हात नाचवायची, हे फक्त आपल्याकडच्या शाळेलाच सुचू शकतं.

अर्हमचं नाव पहिल्या रांगेत होतं. मला आभारप्रदर्शन दिलं, कारण माझे उच्चार चांगले आहेत.

मी घरी तमाशा केला. "अर्हमला पाठवायचं नाही. सहलीनंतर काय झालं आठवतंय ना? या वेळी काय जाईल त्याचं?"

"नंदू, एक दिवस त्याला पोरांत खेळू दे की गं," मम्मी म्हणाली. तिच्या हातात अर्हमचा फेटा होता. ती तो कधीपासून इस्त्री करत होती. "किती खूश झालाय बघ."

तेच तर वाईट होतं. तो खरंच खूश होता. लेझीम उशाशी घेऊन झोपत होता. मी त्याला म्हटलं, "अर्हम, नाही म्हण. सर तुला बळजबरी करणार नाहीत."

"अक्का, मी भित्रा नाही," तो म्हणाला.

मी पप्पांकडे वळले. "पप्पा, पाया पडते तुमच्या. तुम्ही चिठ्ठी द्या सरांना."

"काय लिहू चिठ्ठीत? दिवा हिरवा हाय, पण पोरीला वाटायलंय म्हणून सुट्टी द्या?" पप्पा हसले. वाईट मनानं नाही हसले. पण ते हसू अजून माझ्या पोटात आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी मुलं सकाळपासून मैदानावर होती. पाहुण्या यायला उशीर होत होता. पाहुण्यांना उशीर होतोच, आणि त्या उशिराची शिक्षा पोरांना असते. ऊन चढत होतं. मोठी माणसं मांडवात पंख्याखाली बसली होती. गायकवाड सर, म्हणजे आमचे पीटीचे सर, शिट्टी वाजवून परत परत सराव घेत होते. कोणाचा दिवा पिवळा झाला की ते त्याला खाली बसवायचे, दिवा हिरवा झाला की परत उभं करायचे. पिवळा, बस. हिरवा, ऊठ. मी मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसून ते बघत होते.

मॅडम आल्या. हलगी वाजली. मुलं नाचली. माझा भाऊ पहिल्या रांगेत, फेटा कपाळावर घसरलेला, चेहरा घामानं चमकत असलेला, असा काही नाचला की लोक उभे राहिले. मम्मी मोबाइलवर शूटिंग करत रडत होती. पप्पा शेजारच्याला कोपर मारून सांगत होते, "तो आपला. फेटा घसरलाय बघा, तो." मी माझ्या आयुष्यात इतकं सुंदर काही बघितलं नव्हतं, आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

शाल झाली, श्रीफळ झालं. हेडसर बोलले, संस्थेचे अध्यक्ष बोलले, अध्यक्षांचे मित्र बोलले. डॉ. साठ्ये खरंच चांगलं बोलल्या, थोडक्यात आणि साधं. त्या म्हणाल्या, या मुलांवर कोणी विश्वास ठेवत नव्हतं म्हणून मी हे यंत्र बनवलं. मग माझं नाव पुकारलं.

हेडसरांनी तपासून दिलेला कागद मी घडी करून मुठीत धरला.

"आदरणीय मॅडम," मी म्हटलं, "तुमचे आभार. आम्ही आज नाचलो, ते तुम्ही पाहिलंत. आता एक विनंती आहे. आम्ही परवा कसे असतो ते बघायलाही या. परवा यातली बरीच मुलं अंथरुणातून उठणार नाहीत. अंधाऱ्या खोलीत पडलेली असतील आणि त्यांच्या दंडावर तुमचा दिवा हिरवा असेल. तुमचं यंत्र यायच्या आधी आम्ही खोटं बोलतोय असं लोक म्हणायचे. आता तुमचं यंत्र खोटं बोलतंय, आणि तरीसुद्धा आम्हीच..."

माइक बंद झाला. हेडसर हसत हसत पुढं आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला बाजूला सरकवलं. "मुलगी भावनेच्या भरात बोलली," ते दुसऱ्या माइकवरून म्हणाले. राष्ट्रगीत सुरू झालं. डॉ. साठ्ये माझ्याकडं बघत होत्या. राष्ट्रगीत संपल्यावर त्या जवळ आल्या, माझा दंड त्यांनी हळूच वळवून बघितला. पिवळा होता. "मी नक्की बघेन," त्या म्हणाल्या. आमचा पत्ता त्यांच्याकडं होताच.

घरी पप्पांनी मला नाही नाही ते सुनावलं. "चार माणसांत मान खाली घालायला लावलीस. एवढ्या मोठ्या बाईच्या तोंडावर!" मी जाऊन खाटेवर पडले. माझ्यात होती नव्हती ती ताकद मी त्या माइकवर ओतून आले होते.

दुसऱ्या दिवशी अर्हम ठणठणीत होता. खेळला, जेवला. पप्पा माझ्याकडं बघून नुसते "हं" म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अर्हम उठला नाही.

आमच्या दोघांच्या खाटा एका खोलीत आहेत. मीही पडलेच होते, पण मला मान वळवता येत होती. त्याला तेवढंही येत नव्हतं. मम्मीनं चमच्यानं दूध घातलं, ते ओठाच्या कडेनं उशीवर ओघळलं. ती भांडं खाली ठेवायला गेली, त्याचा आवाज झाला आणि अर्हमचं सगळं अंग दचकलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण रडायचा आवाज नाही. पडदे लावलेल्या त्या अंधारात त्याच्या दंडावरचा दिवा छान हिरवा जळत होता.

पप्पा दारात उभे होते. "हिरवा हाय की," ते म्हणाले, पण या वेळी आवाजात जोर नव्हता. "मग असं का करायलाय हा?"

माझ्या जिभेला वजन बांधल्यासारखं झालं होतं. एकेक शब्द ओढून काढला. "पप्पा. बंद गाडीला नळी लावली. तर काय येतं?"

पप्पा माझ्याकडं वळले.

"पास देता तुम्ही? बंद गाडीला?"

त्यांनी अर्हमकडं बघितलं. मग दिव्याकडं. मग परत अर्हमकडं. मी त्यांचा चेहरा बघत होते. मला वाटलं होतं, हे बघून मला बरं वाटेल. नाही वाटलं. माझा राग तेवढा स्वस्त नाही.

तेवढ्यात त्यांचा फोन थरथरला. डॉ. साठ्येंचाच होता. पप्पांनी आवाज अगदी बारीक करून स्पीकर लावला.

"नमस्कार मगदूम. मी राजनंदिनीला शब्द दिला होता बघायचा, म्हणून आज सकाळीच दोन्ही मुलांचे आकडे उघडून बसले. येण्याची तशी गरज दिसत नाही. अर्हमचा आलेख तर फारच सुंदर आहे हो. काल संध्याकाळपासून सलग हिरवा. इतक्या श्रमांनंतर इतकी छान विश्रांती मी क्वचित बघितलीय. तिला म्हणावं काळजी करू नकोस."

"मॅडम," पप्पा म्हणाले, "पोरगं दूध गिळंना झालंय."

"असं? पण इथं तर..." त्या थांबल्या. कुठंतरी कळफलकाचा आवाज आला. "नाडी शांत आहे. आम्ल अगदी कमी आहे. थोडा आळसावला असेल."

पप्पांनी फोन खाटेच्या कडेवर ठेवला. खाली वाकले. ट्रकच्या सायलेन्सरात नळी घालणाऱ्या आपल्या जाड बोटांनी त्यांनी त्या पट्टीची कड नखानं सोडवली आणि हळूहळू, कातडी ओढू न देता, ती अर्हमच्या दंडावरून काढली. हिरवा दिवा त्यांच्या तळहातावर क्षणभर जळला आणि विझला.

"मगदूम, संपर्क तुटला," फोन म्हणाला. "पट्टी निघाली वाटतं. परत चिकटवा बरं का, नाहीतर इथं काहीच दिसत नाही."

"इथं दिसतंय," पप्पा म्हणाले आणि फोन बंद केला.

अर्हमचे ओठ हलले. पप्पांनी कान त्याच्या तोंडाशी नेला. मला तिथूनही ऐकू आलं, कारण खोलीत दुसरा आवाजच नव्हता.

"काढू नका, पप्पा. मग सगळे म्हणतील, नाटक करतोय."

एवढं बोलायला त्याच्यात जे काही उरलं होतं ते सगळं गेलं. डोळे मिटले. मम्मी तोंडात पदर कोंबून बाहेर गेली.

पप्पा फरशीवर बसले. खाटेला टेकून नाही, मांडी घालून, त्याच्या तोंडासमोर. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. आमच्या घरात विचारायची सवयच मोडली होती.

"अर्हम," ते शेवटी म्हणाले. "बाळा, कसं वाटायलंय रे तुला?"

पालवी घरात आली तेव्हापासून मी या एका प्रश्नाची वाट बघत होते. जिन्यात, शाळेच्या गेटवर, पीटीच्या तासाला, रोज सकाळी पांघरूण सरकलं की. आणि तो विचारला गेला तो आज, ज्याला उत्तर द्यायला ओठ हलवता येत नाहीत त्याला.

पप्पांची नजर सवयीनं त्याच्या दंडाकडं गेली. तिथं आता पट्टीचा फक्त लालसर चौकोन उमटला होता.

"आता उत्तराची वाट बघा," मी म्हटलं.

ते तिथंच बसून राहिले.